अधिछात्रवृत्ती आणि विद्येचे ऋण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गाच्या विषयपत्रिकेत महागाई, शेतमालाचे भाव आणि असंघटित कामगारांचे प्रश्न आहेत. त्यांच्या जोडीला मानव्यविद्यांच्या संशोधकांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा विषय कशासाठी घातला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. हा विद्यापीठांचा घरगुती प्रश्न आहे, फार तर विद्यार्थी संघटनेने त्यात लक्ष घालावे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत बदलली पाहिजे असे माझे मत आहे, आणि तेवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

शेतात पिकते त्याचे वाटप कसे होते, कारखान्यात निर्माण होते त्यावर मालकी कोणाची, हे प्रश्न आपण आयुष्यभर विचारत आलो. विद्यापीठात जे निर्माण होते त्याच्या वाटपाचा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारला. इतिहास, साहित्य, भाषा, तत्त्वज्ञान, धर्म आणि लोकसंस्कृती यांचे जे संशोधन आपल्या राज्यात होते, त्याचा कच्चा माल तुमच्याआमच्या गावांतून जातो. ऊसतोड कामगारांच्या ओव्या, गावच्या देवस्थानाची कागदपत्रे, विणकरांच्या आठवणी, भटक्या जमातींची बोली यांवर प्रबंध लिहिले जातात. ते लिहिणाऱ्याला मिळणारे वेतन सार्वजनिक पैशातून येते. तयार झालेला माल मात्र ज्यांच्याकडून कच्चा माल घेतला त्यांच्या हाती कधीच पडत नाही.

यावर कुणी म्हणेल की आता प्रबंध सर्वांसाठी खुले आहेत. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधांची संगणकीय प्रत जमा करणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा' या भांडारात आज देशभरातील लाखो प्रबंध कोणालाही वाचता येतात. ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु गोदामाचे दार उघडे ठेवणे म्हणजे धान्य घरोघर पोचवणे नव्हे. प्रबंध ज्या भाषेत आणि ज्या घडणीत लिहिलेला असतो, ती परीक्षकासाठी असते. विणकराने तो उघडला तरी त्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसेल अशी सोय त्यात नसते. कोणीतरी ते ज्ञान पुन्हा उकलून, लोकांच्या भाषेत मांडून, त्यांच्या प्रश्नांना तोंड देत त्यांच्यापर्यंत न्यावे लागते. हे काम फावल्या वेळात होणारे नाही. त्याला वेळ लागतो, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे अशा तरुण संशोधकाला वेळ द्यायचा तर वेतन द्यावे लागते. माझ्या विषयाचे सार एवढेच आहे.

दोन शिष्यवृत्त्यांची गोष्ट

हा विचार आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या परिवर्तनाचा इतिहास पाहिला तर त्यातील काही फार महत्त्वाची पाने शिष्यवृत्तीच्या पैशावर लिहिली गेली आहेत असे दिसेल.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले ते युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर. तेथे त्यांनी धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि १९०३ मध्ये ते परत आले. धर्मशास्त्राचा पंडित म्हणून एखाद्या संस्थेत सुखाने बसणे त्यांना अवघड नव्हते. १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन, स्थापन केली. पुढे १९३३ मध्ये 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ आला. तो समाजशास्त्रीय आणि ऐतिहासिक संशोधनाचा ग्रंथ होता आणि मराठीत लिहिलेला होता. ज्या प्रश्नाचे चटके मराठी माणसे सोसत होती, त्याचे संशोधन मराठीतच मांडले पाहिजे याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

दुसरी गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिचा एक पैलू आपण नीट पाहिलेला नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी असा करार होता. १९१६ च्या मे महिन्यात त्या विद्यापीठातील मानवशास्त्राच्या परिसंवादात बाबासाहेबांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या विद्वानांच्या नियतकालिकात छापून आला. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यास गेले. तेथे त्यांना राहायला जागा मिळू दिली गेली नाही आणि कचेरीतील शिपाईही अंतर राखून वागत, हा इतिहास आहे. करारातील दहा वर्षांची नोकरी होऊ शकली नाही.

मग ती शिष्यवृत्ती वाया गेली काय? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले. न्यूयॉर्कच्या परिसंवादात ज्या प्रश्नाची चर्चा मूठभर विद्वानांपुढे झाली होती, तो प्रश्न चार वर्षांच्या आत मराठी पाक्षिकाच्या पानांवर, ज्यांच्या जगण्याचा तो प्रश्न होता त्यांच्यापुढे आला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले. संस्थानच्या हिशेबवहीत ते देणे थकलेले दिसले असेल. समाजाच्या वहीत ते हजारपटींनी फेडले गेले आहे. शिष्यवृत्तीची परतफेड देणाऱ्याच्या नोकरीत राहून करायची की ज्यांच्या वाट्याला विद्या आली नाही त्यांच्यात जाऊन करायची, याचा निर्णय या उदाहरणाने कायमचा लागला आहे असे मी मानतो.

आपल्या चळवळीतही ही परंपरा होती. डॉ. राममनोहर लोहियांनी बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळवली ती मिठावरील कर आणि सत्याग्रह या विषयावर. परत आल्यावर या माणसाने विद्वत्तेचा व्यवहार लोकांच्या भाषेत व्हावा यासाठी जन्मभर भांडण मांडले. आचार्य नरेंद्र देव हे बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक होते. 'बौद्ध धर्म-दर्शन' हा आपला मोठा ग्रंथ त्यांनी हिंदीत लिहिला. इरावती कर्वे यांनी मानवशास्त्राची पदवी बर्लिनमध्ये घेतली, इंग्रजीत मान्यवर ग्रंथ लिहिले, आणि १९६७ मध्ये 'युगान्त' मराठीत लिहून महाभारताकडे पाहण्याची नवी दृष्टी सामान्य वाचकाला दिली. विद्या लोकांत नेल्याने ती पातळ होते असे म्हणणाऱ्यांनी ही नावे एकदा आठवावीत.

विणकरांनी शिकवलेला प्राध्यापक

परंतु ही सारी असामान्य माणसे होती. असामान्यांच्या भरवशावर व्यवस्था उभी राहत नाही. साधारण बुद्धीच्या, प्रामाणिक, कष्टाळू संशोधकालाही हे काम करता यावे यासाठी संस्था लागतात. तशी संस्था उभी करण्याचा एक मोठा प्रयोग इंग्लंडच्या कामगार चळवळीने केला. त्याची माहिती आपण करून घेतली पाहिजे.

१९०३ मध्ये सहकारी चळवळीत कारकुनी केलेल्या आल्बर्ट मॅन्सब्रिज या गृहस्थाने कामगार शिक्षण संघ स्थापन केला. त्यापूर्वीही विद्यापीठाचे व्याख्याते गावोगाव जात, दिव्य भाषण करीत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. कामगारांचे म्हणणे असे पडले की आम्हाला व्याख्यान नको, अभ्यास हवा. १९०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे विद्यापीठाचे सात आणि कामगार संघटनांचे सात अशा चौदा जणांची समिती बसली आणि तिने शिकवणी वर्गांची योजना आखली. मर्यादित संख्येचा वर्ग, तीन वर्षांचा नेम, दरवर्षी चोवीस बैठका, प्रत्येक बैठकीत एक तास व्याख्यान आणि एक तास चर्चा, आणि विद्यार्थ्यांनी नियमाने लिहायचे निबंध, असे तिचे स्वरूप होते.

१९०८ च्या जानेवारीत कुंभारकामाच्या धंद्याचे गाव लाँगटन आणि कापड गिरण्यांचे गाव रॉचडेल येथे पहिले दोन वर्ग सुरू झाले. रॉचडेल हे नाव आपल्या सहकारी कार्यकर्त्यांना नवे नाही. १८४४ मध्ये विणकरांनी सहकारी भांडार काढले ते याच गावी. या दोन्ही वर्गांना शिकवण्यासाठी जो तरुण पदवीधर नेमला गेला, तो म्हणजे पुढे समाजवादी विचारवंत म्हणून जगप्रसिद्ध झालेले आर. एच. टॉनी. १९१२ मध्ये सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरचा त्यांचा पहिला मोठा संशोधनग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या वर्गांतील विणकर, कुंभार, खाणकामगार यांचे ऋण मान्य केले आहे. पुस्तकांतून सहज न मिळणारे अर्थशास्त्र या माणसांनी आपल्याला शिकवले, असा त्यांचा भाव आहे.

हीच गोष्ट पुन्हा घडली. एडवर्ड टॉम्प्सन हे १९४८ पासून १९६५ पर्यंत लीड्स विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात होते आणि यॉर्कशायरच्या गावांत प्रौढांचे वर्ग घेत होते. इंग्लंडच्या कामगारवर्गाची जडणघडण सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये आला. इतिहासलेखनाची दिशा बदलणारा तो ग्रंथ प्रौढांच्या वर्गांच्या सहवासात घडला, हे विसरता येणार नाही.

मी या उदाहरणावर एवढा वेळ घेतला त्याला कारण आहे. विद्या लोकांपर्यंत न्यावी असे म्हणताना आपल्या मनात बहुधा दानाची कल्पना असते. वर असलेला खाली देतो अशी. टॉनी आणि टॉम्प्सन यांचा अनुभव वेगळा आहे. ज्याच्या हाताला यंत्राचे घट्टे आहेत असा श्रोता प्रश्न विचारतो तेव्हा संशोधकाला आपली गृहीते तपासावी लागतात. त्यातून विद्याच सुधारते. लोकांत जाण्याने संशोधनाची हानी होते या आक्षेपाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

दुसरी ध्यानात ठेवण्याची बाब म्हणजे त्या समितीतील सात आणि सात ही विभागणी. काय शिकवायचे हे विद्यापीठाने एकट्याने ठरवले नाही आणि कामगारांनीही एकट्याने ठरवले नाही. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

अमेरिकेतील अनुभव: पैसा कोणाचा?

आता अलीकडच्या काळाकडे येऊ. संशोधक विद्यार्थ्यांना वर्ष-दोन वर्षांची अधिछात्रवृत्ती देऊन ग्रंथालये, संग्रहालये, तुरुंग, वस्त्यांतील संस्था यांच्याबरोबर काम करायला लावायचे, अशी योजना आज अमेरिकेत बरीच पसरली आहे. तिला तेथे सार्वजनिक मानव्यविद्या असे नाव आहे. न्यूयॉर्क राज्यातील मानव्यविद्या परिषदेने तेथील विद्यापीठांच्या सहकार्याने अशा अधिछात्रवृत्त्या चालवल्या. विद्वत्संस्थांच्या अमेरिकन परिषदेने २०११ पासून नव्या डॉक्टरेटधारकांना सरकारी आणि सेवाभावी संस्थांत नेमण्याची योजना राबवली. यामागे केवळ लोकहिताची कळकळ होती असे मानण्याचे कारण नाही. प्राध्यापकांच्या कायम जागा आटत चालल्या, तेव्हा डॉक्टरेट झालेल्यांचे करायचे काय, हाही प्रश्न त्यामागे होता. तथापि या निमित्ताने बरेच चांगले काम झाले हे मान्य केले पाहिजे.

या कामाचा मोठा आधार होता तेथील राष्ट्रीय मानव्यविद्या निधी. २९ सप्टेंबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने तो स्थापन झाला. देशातील राज्ये आणि प्रदेश मिळून ५६ परिषदांना त्यातून साहाय्य मिळत असे. २०२५ च्या एप्रिल महिन्यात या परिषदांना आणि असंख्य संशोधकांना एकाएकी पत्रे आली की तुमची मंजूर झालेली अनुदाने रद्द करण्यात आली आहेत. साठ वर्षांची व्यवस्था काही दिवसांत डळमळली. प्रकरण न्यायालयात गेले. दरम्यान मेलन या धनाढ्य खाजगी प्रतिष्ठानाने त्याच महिन्यात १ कोटी ५० लाख डॉलरची तातडीची मदत परिषदांना जाहीर केली.

यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे. सत्तेच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या सत्तेला नकोशी झाली की एका पत्राने उपाशी पडते. परंतु त्यावर उपाय म्हणून धनिकाच्या औदार्याकडे पाहणे म्हणजे एका मर्जीतून दुसऱ्या मर्जीत जाणे. प्रतिष्ठानाने मदत केली म्हणून त्याचे आभार मानावेत. परंतु लोकांचा हक्क दानशूरांच्या दयेवर सोडून देणे समाजवाद्याला मान्य होणार नाही. पैसा सार्वजनिक असला पाहिजे आणि त्यावरील अधिकार मंत्र्याच्या मर्जीपासून दूर, कायद्याने बांधलेल्या, लोकांचे प्रतिनिधी असलेल्या मंडळाकडे असला पाहिजे.

आपल्याकडची स्थिती

आपल्याकडे काय चालले आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. रक्कम पाहून कुणाला हेवा वाटेल. परंतु ती संशोधकांपैकी थोड्यांनाच मिळते. केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षेबाहेरच्या संशोधकांना एम.फिल.साठी ५,००० आणि पीएच.डी.साठी ८,००० रुपये मिळत. ती तुटपुंजी रक्कमही बंद करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०१५ मध्ये आयोगाने घेतला. दिल्लीत विद्यार्थ्यांनी आयोगाच्या दारात ठाण मांडले, लाठ्या खाल्ल्या, तेव्हा कोठे ती वाचली. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२–२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद करण्यात आली.

आपल्या राज्यात पुण्याची बार्टी, २०१८ मध्ये निघालेली सारथी आणि २०१९ मध्ये नागपुरात निघालेली महाज्योती या संस्थांमार्फत दलित, मराठा आणि इतर मागास समाजांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती दिली जाते. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झाले अशा मुलामुलींना या योजनांनी संशोधनाचे दार उघडून दिले. हे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु जागांची संख्या किती, निकष कोणते, रक्कम कधी मिळणार, याविषयीचा घोळ संपत नाही. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानात दीर्घकाळ आंदोलन करावे लागले. ज्या मुलीने ग्रंथालयात बसून जुनी बाडे चाळायची, तिला मैदानात उन्हात बसून आपल्या हक्काचे पैसे मागावे लागतात. रक्कम महिनोन् महिने थकली की खोलीचे भाडे थकते, खाणावळीचे बिल थकते, आणि मग संशोधक तासिका तत्त्वावर कोठेतरी शिकवायला लागतो. प्रबंध लांबतो तो आळसामुळे नव्हे.

या साऱ्या योजनांत आणखी एक गोष्ट समान आहे. प्रबंध आणि शोधनिबंध यांपलीकडे संशोधकाने जे काही केले त्याची कोठे नोंद नाही. गावच्या वाचनालयात दहा बैठका घेऊन गावाचा इतिहास सांगितला, तर त्याचे मोल शून्य. मराठी साप्ताहिकात लेखमाला लिहिली तरी शून्य. कोणी वाचणार नाही अशा नियतकालिकात इंग्रजीत चार पाने छापून आणली, तर गुण मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि आपण पेढे वाटले. ज्या भाषेत नवे संशोधन मांडणे हे संशोधकाच्या नुकसानीचे ठरते, त्या भाषेला तो दर्जा कितपत पुरणार आहे, याचा विचार पेढे खाऊन झाल्यावर तरी करायला हवा.

याची किंमत काय पडते ते सांगतो. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत स्त्रियांनी जे काम केले त्याचा इतिहास विद्यापीठांनी लिहिला नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वृद्ध कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. आज जगभरचे अभ्यासक त्याचा आधार घेतात. हे काम त्या वेळी झाले नसते तर त्या स्त्रियांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या. अशा कितीतरी आठवणी आज जात आहेत. १९८२ च्या गिरणी संपात उतरलेला तरुण आज सत्तरीच्या आसपास आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बाया याहूनही थकल्या आहेत. त्यांच्याजवळ बसायला ज्याला वेळ आणि वेतन आहे असा प्रशिक्षित तरुण आपल्याला आज हवा आहे, दहा वर्षांनी नव्हे.

आणि जेथे खरा अभ्यासक पोचत नाही, ती जागा रिकामी राहत नाही. हातातल्या भ्रमणध्वनीवर रोज सकाळी इतिहास येऊन पडतो. कोणत्या राजाने कोणते देऊळ पाडले, कोणत्या जातीने कोणाचा विश्वासघात केला, हे साधनांचा पत्ता नसलेले लेखन घराघरांत वाचले जाते आणि त्यावर गावांत तेढ उभी राहते. त्याला उत्तर देणारा प्रबंध बहुधा लिहिलेला असतो. तो कपाटात असतो आणि विष रस्त्यावर असते.

एका धोक्याची जाणीव

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो आपल्याच बाजूच्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, समाजोपयोगी काम करा ही अट तुम्ही कोणाला घालणार? अधिछात्रवृत्तीवर जगणाऱ्या गरीब विद्यार्थ्यालाच ना? बापाच्या पैशावर परदेशी शिकणाऱ्याला समाजाचे ऋण कोणी विचारत नाही. दलित-आदिवासी संशोधकाला मात्र सरकार सांगणार की आधी तुझा उपयोग सिद्ध कर, मग पैसे देतो. त्यालाही शुद्ध व्याकरणाचा, तर्कशास्त्राचा, ग्रीक नाटकांचा अभ्यास करावासा वाटला तर?

हा आक्षेप मला पूर्णपणे ग्राह्य वाटतो. म्हणूनच चालू अधिछात्रवृत्त्यांना कोणतीही नवी अट जोडण्यास आपण विरोध केला पाहिजे. ज्याला जे शिकायचे ते शिकण्याचा हक्क निरपवाद आहे. माझी सूचना अट घालण्याची नाही, सोय करण्याची आहे. प्रबंध सादर केल्यानंतर ज्या संशोधकाला आपली विद्या लोकांत नेण्याची इच्छा आहे, त्याला त्यासाठी पूर्ण वेतनाचे एक स्वतंत्र वर्ष मिळावे. ज्याला नको त्याने घेऊ नये.

आपण काय मागावे, काय करावे

तेव्हा आपल्या मागण्या पुढीलप्रमाणे असाव्यात असे मी सुचवतो.

पहिली, राज्यातील सर्व अधिछात्रवृत्त्या पगाराप्रमाणे दरमहा ठरलेल्या तारखेला मिळाव्यात आणि पात्र संशोधकांची संख्या दरवर्षीच्या लहरीवर न ठेवता नियमाने ठरावी.

दुसरी, मी आताच सांगितलेले लोकशिक्षणाचे वर्ष. संशोधकाने ते सार्वजनिक वाचनालय, कामगार संघटना, स्त्रियांची संस्था, आश्रमशाळा किंवा तालुक्याचे महाविद्यालय यांच्याशी जोडून घेऊन करावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे आपल्या राज्यात खेडोपाडी वाचनालये उभी आहेत. त्यांतील अनेक आज वृत्तपत्र वाचण्याच्या जागेपलीकडे उरलेली नाहीत. त्यांच्यात या योजनेने जीव येईल.

तिसरी, या वर्षासाठी निवड करणाऱ्या मंडळात निम्मे प्रतिनिधी विद्यापीठांचे आणि निम्मे वाचनालये, संघटना आणि लोकसंस्थांचे असावेत. सात आणि सात हे ऑक्सफर्डचे गणित आपण घ्यावे. संशोधकाने काय बोलावे यात मंत्रालयाला हात घालता येऊ नये, अशी तरतूद नियमांतच असावी.

चौथी, मराठीत आणि गोंडी, भिल्ली, कोरकू यांसारख्या भाषांत केलेल्या लेखनाची, व्याख्यानांची, मौखिक इतिहासाच्या संकलनाची नेमणुकीच्या वेळी रीतसर गणना व्हावी.

सरकारकडे मागणी करून आपले काम संपत नाही. टॉनींना ऑक्सफर्डने पाठवले हे खरे, परंतु त्यांना बोलावणारा वर्ग रॉचडेलच्या कामगारांनी आधी जमवला होता. आपल्या किती शाखांत असा वर्ग आहे? आपल्या शिबिरांत वक्ता दीड तास बोलतो, आभारप्रदर्शन होते आणि जेवणाची घंटा वाजते. प्रश्नांना वेळ उरत नाही. ही पद्धत मोडली पाहिजे. प्रत्येक तालुका शाखेने वर्षातून एका संशोधकाला निदान सहा बैठकांसाठी बोलवावे, एकच विषय चालवावा, निम्मा वेळ चर्चेला द्यावा. त्याचा प्रवासखर्च आणि मानधन वर्गणीतून द्यावे. विद्वानाला फुकट राबवणे हेही शोषणच आहे. आपल्या भागातील जुनी पत्रके, सभांची इतिवृत्ते, संपकाळातील छायाचित्रे, माळ्यावर वाळवी खात पडलेली बाडे त्याच्यापुढे ठेवावीत. वृद्ध कार्यकर्त्यांच्या घरी त्याला घेऊन जावे.

आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. आलेल्या संशोधकाकडून आपल्या पक्षाच्या ठरावाला दुजोरा मिळावा अशी अपेक्षा धरू नये. आपल्या चळवळीच्या इतिहासात फुटी आहेत, तडजोडी आहेत, ज्यांना आपण विसरलो असे कार्यकर्ते आहेत. अभ्यासक ते सांगणार. ते आपल्याला खटकेल. ऐकून घ्यावे, पुरावा मागावा, वाद घालावा. परंतु त्याचे तोंड बंद करू नये. सत्तेने विद्येवर ताबा ठेवू नये असे आपण म्हणतो, तेव्हा हा नियम आपल्या लहानशा कचेरीलाही लागू आहे.

येत्या महिन्यात होणाऱ्या जिल्हा बैठकीत या चार मागण्यांचा ठराव यावा आणि आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांत सध्या कोण संशोधन करीत आहे, कोणत्या विषयावर, आणि त्याची अधिछात्रवृत्ती किती महिन्यांची थकली आहे, याची यादी प्रत्येक शाखेने घेऊन यावी, अशी माझी विनंती आहे. कामाला सुरुवात त्या यादीपासून करता येईल.